पुलावरची म्हातारी आणि सुलभाताई

"थांब. मागे घे."

सुलभाताईंच्या घरी एकही एपिसोड सलग पाहिल्याचं मला आठवत नाही. ड्रॅगन हवेत, तलवार उगारलेली, आपला जीव टांगणीला, आणि या बाई म्हणणार, "मागे घे. खिडकीतला दिवा आधीच विझला होता का ते पाहू." अहो, जळो तो दिवा! पण ऐकतंय कोण?

इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या आमच्या ऑफिसात ताई सॉफ्टवेअर टेस्टर होत्या. मूळच्या नागपूरच्या, पंचावन्नच्या पुढच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी ईशा नॉटिंगहॅमला युनिव्हर्सिटीत. दर शनिवारी सकाळी त्यांच्या फ्लॅटवर तर्री-पोहे खात आम्ही दोघं ती जादूगारांची ॲनिमेटेड मालिका बघायचो. या वयात कार्टून बघता, असं कोणी म्हटलं की त्या शांतपणे म्हणत, "पोट्टे तलवारी पाहतात, मी माणसं पाहते." मी एखादा भन्नाट अर्थ लावला की त्या माझी हजेरी घेणार हे ठरलेलं. "पुणेकर, भाषण नको. पुरावा दाखव. एकदा दिसलं तर योगायोग. तीनदा दिसलं तर कोणीतरी ते मुद्दाम ठेवलंय."

ताईंना जाऊन आता वर्ष होईल. हृदयविकार. शेवटचे काही आठवडे त्यांना त्रास होत होता, आणि त्यांनी तो आम्हाला सांगितलाही होता. एकेक फ्रेम थांबवून पाहणारे आम्ही शहाणे, आमच्या डोक्यात तो शिरला नाही. राग येतो, पण कोणावर काढणार?

झालं असं की सहाव्या भागात पूल राखणारी एक म्हातारी कंदील घेऊन जिना चढते आणि तीनदा थांबते. बस, एवढंच. मग तिने वाढवलेली मुलगी नदीपलीकडे परीक्षेला निघते, आणि म्हातारी हसून हात हलवते. आमच्या मराठी चाहत्यांच्या ऑनलाइन ग्रुपवर नुसता धुमाकूळ! कोणी म्हणे तिच्यावर मंत्र टाकलाय, कोणी म्हणे ती फितूर आहे, पायऱ्या मोजतेय. मी तिथे 'पुणेरी घुबड' या नावाने लिहायचो, ताईंना ते ठाऊक होतं. फितुरीच्या बाजूने चार परिच्छेद मीच ठोकले होते.

त्या शनिवारी ताईंनी रिमोटला हात लावला नाही. तो जिना एकदाच पाहिला आणि चहा टाकायला उठल्या.

"ताई, मागे घेऊ?"

"नको रे. कळलं मला."

असं त्या कधीच म्हणत नसत. मला जरा चमत्कारिक वाटलं, पण पोहे गार होत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ग्रुपवर लिहिलं. म्हातारी आजारी आहे. पाचव्या पायरीला तिचा जबडा आवळतो, डावा हात जड होतो, म्हणून कंदील उजव्या हातात जातो. दोन मिनिटं उभं राहिलं की कळ ओसरते आणि वाटतं, संपलं. मुलीला सांगायचं नाही, ती परीक्षा टाकून परत येईल. लोक बेहद्द खूश! काय नजर, काय अभ्यास! चित्रातल्या म्हातारीचं तोंड नाकापर्यंत मफलरमध्ये होतं. मग तिचा जबडा ताईंना दिसला कसा, हे विचारावंसं एकालाही वाटलं नाही.

सोमवारी ऑफिसच्या जिन्यात ताई कठडा धरून उभ्या होत्या. दुसऱ्या हातात मोबाइल, पण स्क्रीन बंद.

"काय ताई, नवी थिअरी?"

"हो. तू हो पुढे, मी येते."

मी झालो पुढे. मीटिंग होती.

ईशाचा शेवटचा पेपर पुढच्या आठवड्यात बुधवारी होता. ताई मंगळवारी दुपारी घरातच वारल्या. पेपर राहिलाच.

अंत्यसंस्कारानंतर मी ईशाला फ्लॅट आवरायला मदत करत होतो. ती आईचा लॅपटॉप उघडून ग्रुपवरचा तोच म्हातारीचा थ्रेड वाचत बसली होती. ती इथेच जन्मलेली, मराठी हळूहळू वाचते. मी खोकी बांधत राहिलो. तिच्याकडे बघायची हिंमत नव्हती.

"मंदारकाका, हे पुणेरी घुबड कोण आहे? इतक्या लोकांनी लिहिलं, पण आईने फक्त ह्याला रिप्लाय केला."

मी जवळ जाऊन पाहिलं. ताईंच्या पोस्टखाली मी लिहिलं होतं, "मग म्हातारीला डॉक्टरकडे न्या की कोणीतरी!" आणि पुढे तीन हसरे चेहरे.

त्याखाली ताईंचं उत्तर होतं. "म्हातारी घाबरते. कोणी सोबत आलं तर जाईल."

त्या उत्तराला एकच अंगठा होता. माझा.

"मी," मी म्हणालो. "तो मी आहे, ईशा."