केकमावशीचा भाव

केकमावशीला कुणी भाव विचारला की तिची नजर आधी खोक्याच्या दोरीवर जायची. साठीला टेकलेली बाई, पण किंमत सांगताना एखाद्या नव्या नवरीसारखी लाजायची. आकडा तोंडातल्या तोंडात पुटपुटायची आणि समोरच्याने हूं की चूं करायच्या आत स्वतःच विचारायची, "जास्त वाटतंय का हो?" आता असं विचारल्यावर "छे, कमीच आहे की" म्हणणारा महात्मा कुठे भेटतो? मग ती आणखी थोडे कमी करायची, वर पिशवीत मूठभर बिस्किटं टाकायची. आपण होऊन स्वतःचाच खिसा कापणारी बाई त्या अख्ख्या इमारतीत दुसरी नव्हती.

तिला हिशेब येत नव्हता असं मात्र नाही. मैदा, लोणी, साखर, अंडी, खोकं, सगळ्यांचे भाव तोंडपाठ. त्यांची बेरीज करायची, सुट्ट्या पैशांची कटकट नको म्हणून ती खालच्या आकड्यावर आणायची, झाली किंमत. वीज घरची, हात घरचे. त्यांचे कसले पैसे घ्यायचे?

मनातलं कारण वेगळंच होतं. नवरा गेल्यावर तिच्या दोन खोल्यांची बेल जवळजवळ वर्षभर मुकीच होती. मग शेजारच्या पोरीच्या वाढदिवसाला तिने केक केला आणि हळूहळू दारात माणसं येऊ लागली. कुणी खुर्चीत टेकायचं, कुणी गुडघ्यांची चौकशी करायचं. थोरली नणंद तर दर महिन्याला दोन बस बदलून यायची, बिनसाखरेचा चहा घ्यायची, तासभर बोलायची आणि जाताना एक केक बांधून न्यायची. सासरचं तेवढं एकच माणूस उरलं होतं. भाव वाढवला तर बेल पुन्हा मुकी होईल, ही धास्ती मावशीच्या पोटात घर करून बसली होती.

अशात ओव्हनने मान टाकली. दाराचं रबर कधीचंच गेलं होतं, म्हणून ती दाराला खुर्ची टेकवून केक भाजायची. आता कॉइलही एका बाजूने थंड पडली. केक डावीकडे करपायचा आणि उजवीकडे कच्चा राहायचा. मेकॅनिकने आत बॅटरी मारून पाहिलं, "मावशी, आतलं सगळंच बदलावं लागेल," म्हणाला आणि खर्चाचा आकडा सांगून गेला. तिने कमाईचा डबा पलंगावर उपडा केला. वर्षभर पहाटे उठून राबली होती, आणि त्यात रबराचे पैसे निघाले, कॉइलचे नाहीत. तिला रडूच कोसळलं.

तळमजल्यावर ब्लाउज शिवणारी बाई तिची मैत्रीण. तोंडाने फटकळ, मनाने साफ. तिने सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी मैदा, लोणी, साखर, अंडी असं सामान आणून मावशीच्या टेबलावर मांडलं. खोकंसुद्धा विसरली नाही.

"हे सगळं माझं. मला एक केक करून दे. शिलाई किती घेशील?"

"केकची कसली शिलाई?"

"अगं, माझ्याकडे बायका येतात तेव्हा कापड त्यांचं, अस्तर त्यांचं. मग मी पैसे कशाचे घेते? शिवल्याचे. आता सामान माझं आहे. तुझे किती, सांग."

मावशीने मनात नेहमीची बेरीज मांडली. मैदा मैत्रिणीचा, तो वगळला. लोणी वगळलं. साखर, अंडी, खोकं वगळलं. उरलं काहीच नाही. तिने पुन्हा एकदा करून पाहिलं.

"काहीच नाही गं," ती हळूच म्हणाली.

"मग इतकी वर्षं तू काय करत होतीस?"

ते मावशीला फार लागलं. तिचे डोळे भरलेले पाहून शिवणवालीही वरमली. तिने खुर्ची ओढली आणि दोघींनी बसून पहिल्यांदाच वीज धरली, ओव्हनची झीज धरली, फेटणारे हात धरले. आकडा निघाला तेव्हा मावशीने छातीला हात लावला.

"एवढे कोण देईल?"

"देणारा देईल. तू आकडा सांगायचा आणि गप्प बसायचं."

"तेच तर जमत नाही."

"मी भाव सांगते आणि लगेच टाचण्या ओठांत धरते. मग गिऱ्हाईक कितीही सुस्कारे सोडेना का, तोंडच उघडता येत नाही!"

त्याच आठवड्यात नणंद आली. नातवाच्या वाढदिवसाला दोन मजली केक हवा होता. मावशी ओट्यापाशी, आजारी ओव्हनमध्ये मधेच फिरवून कसाबसा भाजलेल्या एका केकचा फुगलेला माथा कापून सपाट करत होती. तिने आकडा सांगितला. स्पष्ट सांगितला. नणंदेच्या भुवया वर गेल्या. 'जास्त वाटतंय का' अगदी जिभेच्या टोकावर आलं, तेव्हा मावशीने कापलेला भलामोठा तुकडा उचलून तोंडात कोंबला.

"केवढे म्हणालीस?"

फुगलेल्या गालांनी मावशीने नुसतीच मान हलवली.

"घरचं माणूस म्हणून आले होते मी," नणंद म्हणाली, पर्स उचलली आणि निघाली. मावशी घास गिळून जिन्यापाशी धावली तोवर खाली फाटक वाजलं होतं. त्या संध्याकाळी तिने शिवणवालीला मनातल्या मनात नाही नाही ते ऐकवलं.

रविवारी बेल वाजली. दारात नणंद, घामाघूम.

"बाहेर चार ठिकाणी विचारून आले," ती आत येत म्हणाली. "सगळे तुझ्यापेक्षा जास्त सांगतात. असा राग आला मला तुझा!"

"माझा, वन्सं?"

"मग कुणाचा? दर वेळी पैसे दिले की मला वाटायचं, फिटलं. तू मला फुकट देत होतीस आणि मी खुशाल नेत होते. एका शब्दाने बोलली का नाहीस?"

"वाटलं, भाव वाढवला तर तुम्ही येणार नाही."

नणंदेने पर्स टेबलावर आपटली.

"वहिनी, मला साखर आहे. तुझा केक मी कधी तोंडात तरी घातलाय का? शेजारच्या पोरांना वाटून टाकते. नुसतंच कसं यायचं, म्हणून न्यायचे."

इतकी वर्षं मावशी स्वतःच्या हाताने तिला बिनसाखरेचा चहा देत आली होती. तिला बोलताच येईना, आणि या वेळी तोंडात केक नव्हता.

मावशीने सांगितलेले सगळे पैसे नणंदेने मोजून टेबलावर ठेवले आणि ती नेहमीच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली.

"आता चहा टाक," ती म्हणाली. "परवा न घेताच गेले होते."