पाचाचा सोबती

माझी आत्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत लहान मुलांना तोंडी हिशेब शिकवते. नाकात बोलते. तिची नक्कल मी इतकी हुबेहूब करते की तिच्या वर्गातली मुलंही फसतात.

"बोटं नाक पुसायला असतात, मोजायला नाही. आठात पाच? आठाला दोन दे, दहा कर. उरले तीन. तेरा. कळलं का रे दगडांनो?"

मुलं नऊ. प्रत्येकाला एक अंक आणि दहा पुरे करणारा सोबती: एकाला नऊ, दोनाला आठ, तिनाला सात, चाराला सहा. पाच एकटाच उरला.

"बाई, माझा सोबती?"

"पाचाचा सोबती पाचच," आत्या सहज बोलून गेली. तेव्हापासून तो जिन्यात एक हात बाजूला धरून उतरायचा, कुणाचा तरी धरल्यासारखा.

खाली आल्यावर प्रत्येकानं आपला अंक म्हणायचा. आत्या मनात जोड्या लावते: चार दहा आणि पाच, पंचेचाळीस. अडतीसच भरले तर वजाबाकी सांगते, सात मागे राहिला.

परवा दुपारी खालचा मीटर पेटला. जिनाभर काळा धूर. आम्ही चाचपडत दारापर्यंत आलो. शेजारचं माणूस दिसेना. सगळे अंक आले.

"पंचेचाळीस. चला बाहेर."

"आत्या, हा पाच आपला नाही."

"ही वेळ आहे का थट्टेची, कार्टे?"

"आपल्या पाचाचा घसा बसलाय. हा स्वच्छ बोलला."

बाहेर उजेडात मुलं आठच होती. आत्या ओढणी नाकाला लावून परत वर धावली. आली तेव्हा पाच तिच्या खांद्यावर होता. बाकाखाली लपला होता म्हणे.

"मला भीती वाटली," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "म्हणून सोबत्याला पुढे पाठवलं. बाईंची बेरीज चुकायला नको."

आत्या त्याचं काळवंडलेलं तोंड पुसू लागली. मग सोबत्यासाठी बाजूला धरायचा तो हात पुसायला घेतला. तेवढाच काजळीनं माखला नव्हता.

काल वर्ग सुटल्यावर सगळी खाली उतरली, अंक म्हणाली. नऊच्या नऊ समोर उभी. मी दाराची कडी काढायला गेले, तर आत्यानं माझा हात धरला.

"थांब. पंचेचाळीसच झालेत."

मग जिन्याकडे तोंड करून, नाकात न बोलता, हळूच म्हणाली, "ये बाळा. पाच कमी आहेत."