तीन आठवडे हिंगाष्टक

ऑपरेशन मुंबईत झालं. सर्जनने आदल्या दिवशी कागदावर आकृती काढून दाखवली होती. स्वादुपिंडाचं डोकं, पित्ताशय, लहान आतड्याचा पहिला भाग एवढं काढायचं आणि उरलेलं पुन्हा जोडायचं. साडेसात तास लागले. सोळाव्या दिवशी मी नवऱ्याला पनवेलला घरी आणलं. आजारापूर्वी त्याचं वजन एकाहत्तर किलो होतं, घरी आला तेव्हा चोपन्न.

पुढे केमोचे सहा कोर्स व्हायचे होते. प्रत्येक कोर्सआधी वजन आणि रक्त तपासणार, वजन घसरत असेल तर कोर्स पुढे ढकलणार, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. म्हणजे त्याने खाल्लेलं अंगी लागणं हे आमचं काम. अन्न पचवणारे रस बनवणारा अवयव आता जेमतेम अर्धा उरला होता, म्हणून प्रत्येक जेवणात पहिल्या घासाबरोबर एक कॅप्सूल द्यायची होती. "ही राहिली तर जेवण फुकट," डॉक्टर म्हणाले. मी वही केली. जेवण, कॅप्सूल, शौच, वजन असे चार रकाने. वही फ्रिजवर ठेवली.

मी वाशीला एका दैनिकात जिल्ह्याच्या पानावर होते. पाळी दुपारी तीनची. नाश्ता आणि दुपारचं जेवण मी देत असे. संध्याकाळचं खाणं आणि रात्रीचं जेवण नणंद देत. त्या नवऱ्याहून नऊ वर्षांनी मोठ्या, विधवा. पेणहून दोन पिशव्या घेऊन आल्या त्या राहायच्या तयारीनेच. आईच्या मागे त्यांनीच त्याला वाढवलं होतं. मऊ भात, मुगाचं वरण, दुधीची भाजी, सगळं वेळेवर आणि गरम. त्यांनी गुरू केलेला होता, गळ्यात माळ होती. कांदा-लसूणही चालत नसे. पहिले पाच आठवडे त्या नसत्या तर मला नोकरी सोडावी लागली असती. हे खरं आहे, म्हणून नोंदवते.

पहिले दोन कोर्स वेळेवर झाले. वजन चोपन्नवर टिकलं.

नवरा कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका गोदामाच्या वजनकाट्यावर होता. ट्रक आधी रिकामा काट्यावर चढतो, मग भरून. वीस वर्षं त्याने ह्या दोन आकड्यांतला फरक लिहिला. रोज सकाळी तो बाथरूमबाहेरच्या काट्यावर उभा राहायचा आणि मला ओरडून सांगायचा, "लिही गं, चोपन्न. गाडी खाली." दुसऱ्या कोर्सनंतर आकडा हलायला लागला. त्रेपन्न. साडेबावन्न. एक्कावन्न. जेवण तेवढंच होतं. शौचाच्या रकान्यात मी "तेलकट, तरंगतं" असं लिहू लागले. डॉक्टरांनी एकाच्या दोन कॅप्सूल केल्या, आठवड्याने तीन. फरक पडला नाही.

"माल चढवतेयस आणि काटा खाली चाललाय," नवरा म्हणाला. "मधे कुठेतरी चोरी होतेय बघ. आमच्याकडे असं झालं की आधी ड्रायव्हरला धरतात."

"ड्रायव्हर कोण इथे?"

"तूच की. ताई क्लीनर."

नणंद पदर तोंडाला लावून हसल्या.

तिसरा कोर्स पुढे ढकलला. वजन एकोणपन्नास होतं. त्या दिवशी त्याने पहिल्यांदा डॉक्टरांना विचारलं, "हे औषध मला लागूच पडत नसेल तर?" डॉक्टर म्हणाले, गिळायला त्रास होत असेल तर कॅप्सूल उघडा, आतले दाणे उकडलेल्या सफरचंदाच्या गरावर टाकून द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सफरचंद उकडलं, कुस्करलं आणि कॅप्सूल उघडली. आतून पिवळट तपकिरी पूड पडली. हिंगाचा वास आला. दुसरी उघडली, तिसरी उघडली. सगळीकडे तेच. बरणी रुमालात गुंडाळली आणि टपाल नाक्याजवळच्या आमच्या औषधाच्या दुकानात गेले.

दुकानदार कोकणी मुसलमान, आमची वीस वर्षांची ओळख. त्यांनी पूड बोटावर घेऊन हुंगली.

"वहिनी, हे माझ्याकडचं नाही. यात बारीक दाणे असतात, खसखशीसारखे." त्यांनी नवी बरणी फोडून एक उघडून दाखवली. मग बिलबुक चाळून म्हणाले, "तुमच्या नणंदबाई बरणी न्यायला आल्या होत्या महिन्याभरापूर्वी. हे कशापासून करतात म्हणून विचारलं. मी खोटं नाही सांगितलं. डुकराच्या स्वादुपिंडापासून."

"मग?"

"मग काही नाही. गेल्या. मी म्हटलं पण त्यांना, माझ्या मामूंना हेच चालू होतं, मीच नेऊन द्यायचो. दवा आहे, जान वाचवायची तर चालतं."

मी नवी बरणी घेतली. घरी येईपर्यंत बाकीचं सगळं जुळलं होतं. दुकानदारांच्या बिलावरची तारीख आणि वहीत वजन हलायला लागल्याची तारीख यांत चार दिवसांचं अंतर होतं. तीन आठवडे. त्यातले दोन घास रोज मी माझ्या हाताने दिले होते, त्या कॅप्सूलसकट.

नवरा झोपला होता. नणंद तांदूळ निवडत होत्या. मी उघडी कॅप्सूल त्यांच्यासमोर ताटात ठेवली. त्यांनी नाकारलं नाही.

"हिंगाष्टक आहे. घरी केलेलं," त्या म्हणाल्या. "तेही पचनाचंच असतं गं. आमच्या आजेसासऱ्यांनी त्याच्यावर नव्वदी गाठली."

"त्यांचं स्वादुपिंड जागेवर होतं."

"त्याला कळलं असतं तर त्याने तोंडात घेतलं नसतं. माझ्या हाताखाली वाढलेला आहे तो. मी ओळखते त्याला."

"ताई, तुमचा भाऊ कळंबोलीला ट्रकवाल्यांच्या ढाब्यावर बसून मटण खातो. पंधरा वर्षं. दर शनिवारी. वास लपवायला घरी येताना बडीशेप खातो, तुम्ही पेणला असलात तरी. सवय आहे."

हे गुपित त्याचं होतं. त्याने माझ्याकडून वचन घेतलं होतं की ताईला कळता कामा नये. मी ते विचार करून मोडलं. त्यांचा हात तांदळात तसाच राहिला.

"मी जाते उद्या पेणला," त्या म्हणाल्या.

"नाही. तुम्ही राहायचं. ह्यापुढे सगळ्या कॅप्सूल तुम्ही द्यायच्या. सकाळच्यासुद्धा. हाताने उघडायच्या, दाणे गरावर टाकायचे, चमचा त्याच्या तोंडात द्यायचा. आणि वजन तुम्ही लिहायचं."

"तू त्याला सांगणार?"

"तुम्ही गेलात तर सांगेन."

त्या राहिल्या. दिवसाला चार वेळा, प्रत्येक वेळी तीन कॅप्सूल. मी पाळीला निघण्याआधी दुपारची वेळ उभी राहून बघत असे. त्या दोन बोटांनी कॅप्सूल फिरवून उघडायच्या, मान दुसरीकडे करायच्या, मग न्हाणीघरात जाऊन हात धुवायच्या. साबणाने, नंतर राखुंडीने. पंधरा दिवसांत बोटांची कातडी सोलवटली. मी मलम आणून दिलं नाही. त्यांनी कॅप्सूलची रिकामी कवचं पुन्हा भरली होती. ती कवचंही जनावराच्या हाडा-कातड्यापासून करतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं. एकदा त्या जेवायला बसल्या असताना, पहिला घास घेतल्यावर मी ते सांगितलं. त्या ताटावरून उठल्या नाहीत. पण त्या दिवशी पुढे जेवल्याही नाहीत.

मटणाबद्दल त्या भावाशी कधी बोलल्या नाहीत.

वजन अकराव्या दिवशी थांबलं, मग चढू लागलं. वहीत त्या पानांवर अक्षर त्यांचं आहे, मोठं, शाळेतल्यासारखं. नवरा काट्यावरून म्हणायचा, "लिही ताई, एक्कावन्न. ड्रायव्हर बदलला, माल पोचायला लागला." त्या लिहायच्या. तिसरा कोर्स झाला, मग उरलेले तिन्ही. शेवटच्या कोर्सनंतर त्या पेणला गेल्या. निघताना त्याने त्यांना वाकून नमस्कार केला. म्हणाला, "तुझ्यामुळे उभा राहिलो." त्या माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांची पिशवी उचलून रिक्षात ठेवली.

तो दहा महिने कामावर गेला. मग यकृतात आजार दिसला. पुढे चार महिने.

सगळं आटोपल्यावर मी डॉक्टरांकडे गेले. विचारलं, त्या तीन आठवड्यांमुळे हे झालं का? कोर्स उशिरा झाला म्हणून?

"नाही," ते म्हणाले. "तुमच्याकडून एक दिवस चुकला नसता तरी हेच झालं असतं. या कॅन्सरच्या पेशी बहुतेक वेळा ऑपरेशनच्या आधीच बाहेर पडलेल्या असतात. तीन आठवड्यांचा याच्याशी संबंध नाही."

मी प्रश्न फिरवून पुन्हा विचारला, कामाची सवय. उत्तर बदललं नाही. मी ते वाक्य त्यांच्यासमोरच वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेतलं आणि वाचून दाखवलं. ते म्हणाले, बरोबर आहे.

नणंद दर भाऊबीजेला पेणहून येतात. आता ओवाळायला कोणी नाही, तरी येतात. करंज्या आणतात, फोटोसमोर ठेवतात, दुपारी जेवतात, चारच्या एसटीने परत. पहिल्या वर्षी मी वरणाला हिंगाची फोडणी दिली होती, नेहमीपेक्षा जास्त. त्यांनी वाटी बाजूला सारली.

"ताई, वरण वाया जाईल," मी म्हटलं.

त्यांनी ते संपवलं. तेव्हापासून दरवर्षी तेच वरण असतं. त्यांच्या घरी आता हिंग आणत नाहीत, असं त्यांच्या सुनेने मला फोनवर सांगितलं. कारण तिला माहीत नाही.

जेवण झालं की त्या ताट घासायला घेतात आणि पाठ माझ्याकडे असताना विचारतात. शब्द दरवर्षी जवळजवळ तेच.

"त्या तीन आठवड्यांमुळे गेला का गं तो?"

"ते डॉक्टरांना माहीत."

"तू विचारलं नाहीस कधी?"

"नाही."

त्या हात पुसतात. पाणी प्यायला फ्रिजपाशी येतात, बाटली काढतात, तिथेच उभ्याने पितात. वही अजून फ्रिजवर आहे, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला. त्यांनी ती कधी उघडलेली नाही. उघडली तर शेवटचं पान त्यांना वाचता येईल. माझं अक्षर स्वच्छ आहे.