खायचा कागद

प्लेगची साथ ओसरली आणि सुरत एकदम टापटीप झाली. चांगलंच झालं म्हणा, पण माझ्या पोटावर पाय आला. पांडेसऱ्यात कपडा रंगवणाऱ्या एका मिलच्या फाटकाशी माझी भज्यांची लारी, म्हणजे हातगाडी, होती. नवऱ्याचं लूम बंद पडलेलं, घर त्या लारीवरच चालायचं. कामगार भजी खात आणि तेलकट कागद तिथेच टाकत. एके दिवशी मॅनेजर बाहेर आले नि म्हणाले, "बेन, हवे एक पण कागळ नीचे देखाय, तो लारी बंद."

मी डबा ठेवून पाहिला, ओरडूनही पाहिलं. पण पाळी सुटल्यावर माणसं घाईत, डबा शोधतंय कोण? रागाने मला जेवण जाईना.

युक्ती सुचली ती बिबड्यांवरून. आम्हा खानदेशी बायकांचा उन्हाळा ज्वारीचे बिबडे घालण्यात जातो. शिजवलेल्या पिठाचा घाटा ओल्या कापडावर पातळ पसरायचा आणि उन्हात वाळवायचा. पुरता वाळला की बिबडा पापडासारखा मोडतो, पण अर्धा वाळलेला रुमालासारखा वळतो आणि पोरं तो गुंडाळून तसाच खातात. मग भजी त्यातच का देऊ नयेत? लिंबायतला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक वेफरवाला होता. कच्च्या केळ्यांच्या सालींचा ढीग तो रोज टाकून द्यायचा. त्या साली, भोपळ्याच्या साली आणि फळवाल्याकडची मऊ पडलेली केळी मी धुऊन शिजवली, वाटली आणि मिरची-जिरं घालून ज्वारीच्या घाट्यात घोटली. पिकल्या केळ्यांमुळे बिबडा चिवट राहायचा. वेफरवाल्याने साली देताना कधी कपाळाला आठी घातली नाही. देव त्याचं भलं करो.

पहिल्याच खेपेला मात्र फजिती झाली. सुरतेत कापडाला काय तोटा? मिलमधून आणलेली एक बाद साडी गच्चीवर अंथरली आणि तिच्यावर घाटा पसरला. संध्याकाळी सोलून बघते तर प्रत्येक बिबड्यावर गुलाबी फुलं! साडीचा कच्चा रंग सगळा घाट्यात उतरला होता. नवरा पोट धरून हसला. "काय करी ऱ्हायनी हाई? लोकेसले लुगडं खावाडशी का?" मला हसूही येईना. सगळे बिबडे फेकून दिले आणि जिन्यात बसून रडले.

शेजारच्या अकोल्याकडच्या मावशींनी ते ऐकलं. त्या गेल्या, पेटी उघडली आणि वारलेल्या यजमानांचं पांढरंशुभ्र धोतर घेऊन आल्या. मी हात मागे घेतला. तशा त्या खेकसल्या, "घे वो बाई! पेटीत ठेवून झुरळायलाच खाऊ घालू काय?" त्या धोतरावर माझे बिबडे नितळ निघाले. मावशींचे उपकार मी कसे फेडणार होते!

दुसऱ्या दिवशी पाळी सुटली. लोकांनी भजी खाल्ली आणि बिबडे सवयीने खाली टाकले! "अरे मेल्यांनो, खा ना ते!" मी ओरडले, तर सगळे मला वेड लागल्यासारखं माझ्याकडे बघायला लागले. तेवढ्यात धुळ्याकडच्या एका कामगाराने हातातला तुकडा हुंगला आणि तोंडात टाकला. मग म्हणाला, "बिबडं शे रे हाई. मनी मायना हातनं शे." त्याची आई गावी होती, हे मला नंतर कळलं. त्याने चावायला सुरुवात केली आणि मग त्याच्यामागून ओडिशाचे, यूपीचे, सगळेच चावायला लागले. खाली पडलेले मी घाईघाईने उचलले.

गलका ऐकून मॅनेजर आले. "आ बधा कागळ खाय छे?" ते डोळे विस्फारून म्हणाले. मी त्यांच्या हातावर बिबड्यात गुंडाळलेली भजी ठेवली. ते खात खात लारीभोवती फिरले. मी त्यांच्या बुटांकडे बघत होते. खाली काही नव्हतं. शेवटचा घास गिळून ते चौकीदाराला म्हणाले, "बेन ने अंदर, झाड नीचे जग्या आप."

झाडाखाली, सावलीत, तेही फाटकाच्या आत! आभार मानायचे सोडून मी त्यांच्या हातावर आणखी भजी ठेवत राहिले.