बिननिळीचा रुमाल

पांढरीताई हॉलमध्ये शिरली की नवरीच्या आधी पांढरं शोधायची. आमच्या मालाडच्या हॉलवर फोटो काढणारी बाई ती एकटीच. दिव्याखाली पांढरं काहीतरी धरून आधी कॅमेऱ्याला दाखवायची. म्हणायची, "पांढरं कशाला म्हणतात ते त्याला एकदा खरं सांगितलं, की बाकीचे रंग तो खोटे दाखवत नाही." पिवळ्या दिव्यांतही तिच्या फोटोत हिरवा चुडा हिरवाच दिसायचा.

मी त्या हॉलच्या चादरी, रुमाल धुते. माझ्यासारखं पांढरं कुणाचं निघत नाही, याचा मला अभिमान. एकदा तिने माझा रुमाल निरखला. "मावशी, नीळ घालता ना? दिसतं झकास. पण कॅमेरा फसतो हो. तो निळ्यालाच पांढरं धरतो आणि बाकी सगळं पिवळं करून ठेवतो."

माझी सायली शेजारीच होती. ती हसली. बारावी झाल्यापासून ती ताईच्याच मागे. घरी जेवतानाही ताई असं म्हणते, ताई तसं करते. मी एकदा म्हटलं, "मलाही सांग ना, काय शिकलीस?"

"जाऊ दे गं आई, तुला नाही कळणार."

मी चौथी शिकलेली. तिला भात वाढला.

एका हळदीला ताई कॅमेऱ्याला दाखवायचं आपलं पांढरं कार्ड विसरली. "मावशी, बिननिळीचं काही आहे?" मी "आहे ना" म्हटलं आणि मुद्दाम निळीचा रुमाल दिला. सायलीसमोर हिची एकदा तरी वाट लागू दे, एवढंच मनात होतं.

पहिले फोटो कावीळ झाल्यासारखे आले. "ताई, हे काय झालं?" सायली घाबरली. ताईने रुमाल उजेडात धरला, मग माझ्याकडे पाहिलं. मी बादली उचलली.

"माझंच चुकलं गं," ती सायलीला म्हणाली. "घाईत नीट बघितलं नाही." पूजेच्या ताटातला कापूस दाखवून तिने कॅमेरा पुन्हा लावला. रुमाल घडी घालून माझ्या हातात दिला. पुढे कधी त्याचा विषय काढला नाही. माझ्याजवळही नाही.

लग्न होऊन ताई नाशिकला गेली. जाताना जुना कॅमेरा सायलीला दिला. आता हॉलवर सायली फोटो काढते. अजून तिचं प्रत्येक वाक्य "ताई म्हणायची" पासूनच सुरू होतं, आणि अजून माझ्या पोटात दुखतं.

पण एक रुमाल मी वेगळा धुते. निघताना सायली विचारते, "आई, नीळ नाही ना घातलीस?"

"नाही."

ती न बघताच तो पिशवीत टाकते.