वानरं बाईला भीत नाहीत

बासष्ट वर्षांची ती पोर मला अजून डोळ्यांसमोर दिसते. गोल साडी, पायात नवे कोरे कॅनव्हासचे बूट, अंगात कुणा कॉलेजच्या मुलाचं ताठ, जाडजूड जॅकेट आणि खांद्याला टेकवलेली रायफल. रायफलीच्या वजनाने वाकलीय, पण ऐट अशी की आता सगळं जग हिला भिणार. जग राहू द्या, आमच्या आगरातलं एक वानरही तिला भ्यायला तयार नव्हतं.

आता मी बहात्तरीकडे निघाले आहे, तेव्हा त्या पोरीला, म्हणजे स्वतःलाच, हसायचा मला हक्क आहे. तेव्हा मात्र हसू येत नव्हतं.

आमचं घर रत्नागिरीहून पूर्णगडाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या खाली, पाखाडीच्या दगडी पायऱ्या उतरून गेलं की लागतं. घरामागे आगर, आगरात माड, थोड्या पोफळी आणि वरच्या कातळाच्या अंगाला हापूसची कलमं. भाद्रपदात हे गेले. दिवस पार पडले, माणसं पांगली, मुलगा डोंबिवलीला परत गेला. आणि त्याच आठवड्यात वानरं आली.

वानरं आधीही यायची. पण हे नुसते घरापुढच्या खळ्यात येऊन खाकरले तरी अख्खी टोळी कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडे जायची. मी तेच केलं. खाकरले. टोळीतला म्होरक्या, काळ्या तोंडाचा, एका कानाचा तुकडा उडालेला, माडाच्या झावळीवर बसून माझ्याकडे बघत राहिला. मी ओरडले, पदर उडवला, थाळी बडवली. त्याने शांतपणे एक शहाळं पिळवटून तोडलं आणि खाली सोडलं. माझ्याच दिशेने.

शेजारच्या भाभी गडग्यावरून बघत होत्या. त्यांचे मालक मस्कतला, मुलगे कतारला, त्यामुळे या विषयातला त्यांचा अनुभव माझ्यापेक्षा दांडगा.

"अगो, वांदर बाईला भीत नाय," त्या म्हणाल्या. "माझी पपयी काय उगाच गेली? त्यांना बरोबर कळतं घरात बाप्या नाय ते."

"मग करायचं काय?"

"बाप्या आणायचा."

दुसऱ्या दिवशी त्या शहाण्या बाईने, म्हणजे मी, ह्यांची पँट चढवली, शर्ट घातला, डोक्याला ह्यांची कानटोपी. ऐन ऑक्टोबरच्या उकाड्यात. आरशात बघितलं तर अगदी ह्यांच्यासारखीच नाही, पण ह्यांच्या धाकट्या भावासारखी दिसत होते. पहिल्या दिवशी वानरं पळाली. दुसऱ्या दिवशी थोडी लांब बसून राहिली. तिसऱ्या दिवशी मी पँट सावरत धावले, कानटोपी पडली, अंबाडा सुटला, आणि म्होरक्या परत आपल्या झावळीवर येऊन बसला. भाभी गडग्याला टेकून हसत होत्या, त्यांना ठसका लागला. मी पँटीतच पायरीवर बसले आणि रडले. तेरा दिवसांत आलं नव्हतं एवढं रडू त्या दिवशी आलं.

मुलाला फोनवर सगळं सांगितलं, ही चूकच झाली.

"आई, पुरे झालं," तो म्हणाला. "कलमं कराराने देऊन टाकू. घर बंद करू. तू इकडे ये."

"आंब्याचा एक हंगाम बघू दे."

"बरं. पण आंबा हाताला लागला नाही, तर मे महिन्यात मी न्यायला येतो. मग कारणं सांगायची नाहीत."

इकडे म्हणजे अकराव्या मजल्यावर. माणसं वाईट नाहीत, सून तर माझ्यापेक्षा समजूतदार. पण मागे महिनाभर राहिले होते तेव्हा एकदा भाजीची सालं हातात घेऊन मी ब्लॉकभर फिरत होते. गुरं नाहीत, केळीचं आळं नाही, टाकू कुठे? सुनेने पिवळा डबा दाखवला. त्या डब्यात सालं टाकताना उगाच वाटलं, आपणही असंच कुठेतरी नीट, झाकण लावून ठेवलं जाणार.

दिवाळीनंतर एकदा दाताच्या डॉक्टरांकडे रत्नागिरीला गेले होते. वरच्या मजल्यावर नेमबाजी क्लबची पाटी होती. खाली लिहिलेलं, नवशिक्यांना प्रवेश. दात तसाच ठेवून मी जिना चढले.

माझा बेत असा होता. कलमांवर रिकामे पत्र्याचे डबे टांगायचे. वानर फांदीवर बसलं की त्याच्या शेजारचा डबा नेम धरून उडवायचा. वानराला धक्का लावायचा नाही, मारुतीचं रूप ते, आणि कायदाही आहे. नुसता ठणाणा. एकदा का म्होरक्याला कळलं की ह्या घरात बंदूक आहे, की झालं. बेत इतका चोख होता की त्यात एक भलंमोठं भोक आहे हे त्या पोरीला तीन महिने दिसलं नाही.

शिकवणारी मुलगी जेमतेम पंचविशीची. सगळे तिला मॅडम म्हणत.

"आजी, नातीचं नाव घालायचंय का?" तिने विचारलं.

"नात डोंबिवलीत. मीच आलेय."

"तुम्ही?" तिने माझ्या चष्म्याकडे बघितलं. "कशासाठी शिकायचंय?"

"डोळ्यांना व्यायाम," मी म्हटलं. वानरांचं बोलले नाही, कारण भिंतीवरचा पहिलाच नियम होता: जिवंत कशावरही नळी रोखायची नाही.

दर शनिवारी मी सकाळच्या एसटीने जाऊ लागले. आजूबाजूला शाळा-कॉलेजच्या मुली. त्या बाणासारख्या उभ्या राहत आणि दहा मीटरवरच्या कागदातल्या काळ्या टिकलीत छर्रे मारत. माझे छर्रे टिकलीत सोडा, कागदात लागले तरी मुली टाळ्या वाजवायच्या. सगळे खाली आणि उजवीकडे. नेहमी खाली आणि उजवीकडे.

"आजी, तुम्ही ट्रिगरला हिसका देताय," मॅडम म्हणाली.

"हिसका दिल्याशिवाय देठ तुटेल कसा?"

"कसला देठ?"

तेव्हा माझ्याच लक्षात आलं. लग्न होऊन आल्यापासून मी झेल्याने आंबे काढत आले. लांब बांबू, टोकाला पातं आणि खाली जाळी. पात्यात देठ अडकवायचा, डोळा वर, आणि नेमक्या क्षणी खाली हिसका. तो हिसका माझ्या मनगटात मुरलेला. टिकली दिसली की बोट आपलं आंबा काढायचं. ते ऐकून मुली हसून लोळल्या, मॅडमही हसली.

"मग असं काहीतरी आठवा," ती म्हणाली, "जे तुम्ही हळूहळू दाबता. कधी तुटेल ते तुम्हालाच कळू नये असं."

मी एसटीत विचार करत आले. घरी येऊन ह्यांचा पानाचा डबा उघडला. त्यांच्या जेवणानंतरची सुपारी मीच कातरायची, कागदासारखी पातळ. अडकित्त्याला हिसका चालत नाही, सुपारी उडते आणि बोट कापतं. दाबत जायचं, दाबत जायचं, आणि ती आपली आपण सुटते. भाद्रपदापासून अडकित्ता हातात घेतला नव्हता. त्या दुपारी खाणारं कुणी नसताना वाटीभर सुपारी कातरली. पुढच्या शनिवारी टिकलीच्या कडेला पहिलं भोक पडलं.

"वा आजी!" मॅडम म्हणाली. "पण लगेच मान वर करू नका. छर्रा सुटला तरी जागचं हलायचं नाही. श्वास, डोळा, बोट सगळं तसंच. कागदाला भोक पडून गेलं तरी तसंच."

इकडे मोहर आला, कणी धरली, कैऱ्या झाल्या. आणि टोळी रोज येत होती. खाल्लेल्याचं दुःख नाही हो. एक चावा घ्यायचा आणि टाकायचं, दुसरी तोडायची. सकाळी कलमांखाली जावं तर दात उमटलेल्या कैऱ्यांचा सडा. विहिरीजवळचं कलम तर निम्मं मोकळं झालं. मी कैऱ्या टोपलीत भरायची, लोणच्यालाही न चालणाऱ्या, आणि भरता भरता मनात मे महिना मोजायची. जेवण जात नव्हतं. घराशी बोलायला लागले होते. चुलीला म्हणायची, तू जाशील का गो माझ्याबरोबर अकराव्या मजल्यावर?

शेवटी एका शनिवारी मॅडमला म्हटलं, "आता मला जमतंय. ही रायफल आठवडाभर घरी नेऊ का?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "घरी? आजी, क्लबची रायफल क्लबच्या बाहेर जात नाही. कुणालाच देत नाही."

हे ते भोक. तीन महिने एसटीची दगदग, खांद्याला ठणका, आणि ही साधी गोष्ट त्या बाईच्या डोक्यात एकदाही आली नाही की बंदूक घरी न्यावी लागेल! क्लब म्हणजे तिला वाचनालय वाटलं.

"पण कशाला हवीय?" मॅडमने विचारलं. मग मी सगळं सांगितलं. डबे, म्होरक्या, मे महिना. मुलींनी छर्रे थांबवले. मॅडमने मला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, पण रायफल दिली नाही. बरोबरच केलं. आज ते कळतं. त्या दिवशी मी तिला मनातल्या मनात जे काही म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही.

घरी आले तर टोळी आगरातच होती. म्होरक्या विहिरीजवळच्या कलमावर, हातात कैरी. पडवीत झेला उभा होता. मी तो उचलला तो खरं म्हणजे फेकून मारायलाच. पण हाताला तीन महिन्यांची सवय. डावा पाय पुढे, डावं कोपर कमरेला, गाल बांबूला. एक डोळा मिटला. अर्धा श्वास सोडला आणि बाकीचा धरला. म्होरक्याचं काळं तोंड पात्याच्या टोकाशी आलं, टिकलीसारखं. मी ओरडले नाही, धावले नाही, पदर उडवला नाही. बांबूवर बोट हळूहळू दाबत गेले.

म्होरक्याचं चघळणं थांबलं. कैरी हातातून पडली. त्याने एक आवाज काढला, खोल, छातीतून, आणि सगळी टोळी माडांवरून, गडग्यावरून, भाभींच्या कौलांवरून गेली.

मी तशीच उभी होते. भोक पडून गेलं तरी हलायचं नाही.

त्या दिवसापासून मी हेच करू लागले. सकाळी, दुपारी, उन्हं कलतीला आल्यावर. भाभींनी "बाप्या आला वाटतं" म्हणून सुटकेचा निःश्वास टाकला, कारण माझ्याकडून उठलेली टोळी त्यांच्याकडेही थांबेनाशी झाली. विहिरीजवळचं कलम गेलंच होतं. बाकीच्यांवर आंबा राहिला. भरपूर नाही, पण राहिला.

मेमध्ये मुलगा आला. कळवलं होतं त्याच्या आदल्या दिवशीच आला, भर दुपारी. टोळी नुकतीच गडग्यापलीकडे गेलेली. त्याला दिसलं ते हे: आई खळ्यात उभी, गालाला बांबू लावलेला, एक डोळा मिटलेला, रिकाम्या झाडावर नेम धरून, श्वासही न घेता, बोटाने बांबू दाबतेय.

"आई!"

"हलू नको," मी ओठ न हलवता म्हटलं.

"कोणाला... कोण आहे तिथे?"

"गेली ती."

त्याने बॅग खाली ठेवली. हळूच माझ्या हातातून झेला काढून घेतला, लहान मुलाच्या हातातून सुरी काढतात तसा. मग मागच्या दाराला जाऊन बायकोला फोन लावला. भिंतीपलीकडून मला ऐकू येत होतं. "उशीर केला गं आपण. उद्याच निघतो."

आंबा हाताला लागला होता, पण आता प्रश्न आंब्याचा राहिलाच नव्हता. बांबूच्या नेमाला वानरं पळतात म्हणून सांगितलं तर आणखीनच शंका. पिशवी भरायला घेतली. दोन पातळं, चष्मा, अडकित्ता. अडकित्ता काढून ठेवला, परत भरला.

सकाळी बॅगा खळ्यात काढून ठेवल्या होत्या आणि टोळी आली. मुलगा बर्म्युडात, हातात काठी, ओरडत धावला. म्होरक्याने त्याला दात दाखवले. माझा मुलगा चार पावलं मागे येऊन माझ्याच मागे उभा राहिला.

"हा तर बाप्यालाही भीत नाही!"

"बर्म्युडाला नाही भीत," मी म्हटलं आणि झेला उचलला.

पाय, कोपर, गाल, श्वास. म्होरक्या माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. मागे मुलाचा श्वास ऐकू येत होता, मोठा, घाबरलेला. मग तो खोल आवाज आला, आणि झावळ्या हलल्या, आणि आगर रिकामं झालं.

मुलाने काठी हळूच खाली ठेवली.

"आई," तो शेवटी म्हणाला, "हात तरी खाली कर."

"थांब. इतक्यात हलायचं नसतं."

तो पायरीवर बसला. माझी पिशवी जवळ ओढली, मांडीवर धरली. "पुढच्या आंब्यापर्यंत बघू," म्हणाला. "पण ह्या सगळ्याला वैतागलीस, तर लगेच सांगायचं."

तेव्हापासून दर मेमध्ये तो येतो, आणि दर मेमध्ये पुढच्या आंब्यापर्यंतचं ठरतं. शनिवारी मी अजून क्लबात जाते. रायफल आता टेबलावर टेकवूनच धरावी लागते. झेला कुठे टेकवायचा हा प्रश्न आहे, तो आधीसारखा स्थिर राहत नाही, टोकाशी थरथरतो. आणि एवढ्या वर्षांत ह्या बांबूतून एकदाही आवाज निघालेला नाही, हे म्होरक्यालाही दिसत असणार. तोही म्हातारा झालाय. आवाज काढायला दरवर्षी थोडा जास्त वेळ घेतो.

काल त्याने आवाज काढायच्या आधी एक कैरी तोडली. माझ्याकडे बघत बघत ती पूर्ण खाल्ली, अगदी बाठीपर्यंत. मी बोट दाबत होते. मग तो गेला.

संध्याकाळी मुलाचा फोन आला, वानरांचं काय म्हणून. मी सांगितलं, गेली.