दुसऱ्या कडव्यानंतरचं धप्प

हसणार नसाल तर सांगते. मशिनकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस आमच्या बाथरूममध्ये उभा राहून रडतोय.

मी चहा घेऊन गेले, तर हे गृहस्थ वॉशिंग मशिनला दोन्ही हातांनी मिठी मारून, गाल पत्र्याला टेकवून, डोळे मिटून उभे. मशीन फिरत होतं आणि त्याच्याबरोबर यांचे खांदे हलत होते. मला भडभडून आलं. म्हटलं, घरी काहीतरी झालेलं दिसतंय बिचाऱ्यांच्या. कप उपड्या बादलीवर ठेवला, त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, होतं असं, मन मोकळं करा. काकांनी एकच डोळा उघडला. "वहिनी, जरा शांत," ते म्हणाले, "बेअरिंग बोलतंय."

हसलात ना? असू दे, मी स्वतः आठवडाभर हसत होते.

तर हे मशिनकाका. खरं नाव त्यांच्या बायकोशिवाय कुणाला माहीत नसावं, आणि ती तर त्यांना 'अहो' म्हणते. एकतीस वर्षं वॉशिंग मशिनं दुरुस्त करतायत. बाकीचे मेकॅनिक आले की आधी स्क्रू काढतात, मग डोकं खाजवतात. काका आधी ऐकतात. एक हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर आहे त्यांच्याकडे, त्याचं टोक मशिनवर ठेवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि गप्प उभं राहायचं. मग निदान. बेल्ट सैल आहे, एक पाय अधांतरी आहे, ड्रमखाली लहान मुलाचा मोजा अडकलाय, तोही बहुतेक डावा. डावा हे ते उगाच म्हणतात, पण म्हणतात अशा चेहऱ्याने की कुणी तपासायला जात नाही. आता तर लोक फोनवर आवाज रेकॉर्ड करूनच पाठवतात. काकांच्या फोनमध्ये नातवाचे फोटो सहा आणि मशिनचे आवाज दोनशे चौदा, नंबर घालून, नीट लावलेले.

आणि काकू कशा, तर छापखान्यात मुद्रितं तपासतात. हातात लाल पेन, डोळ्यावर जाड काड्यांचा चष्मा, आणि चारशे पानांच्या पुस्तकात एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तरी यांच्या तावडीतून सुटणार नाही. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. या अठ्ठावीस वर्षांत काकूंची चूक झाल्याची घटना कुणाला ठाऊक नाही. झाली असेल तर त्यांनी ती दुरुस्त करून टाकली असणार, लाल पेनाने, कुणाला कळायच्या आत.

एवढ्या वर्षांत दोघांचं भांडण एकच. एका गाण्यावरून.

जुनं गाणं आहे, लग्नाआधीपासून दोघांच्या आवडीचं. बाई गाते, मागे भरपूर वाद्यं. दुसरं कडवं संपलं की सगळी वाद्यं एकदम थांबतात. दोन सेकंद काही नाही. मग बाईचा आवाज एकटाच वर उठतो. काकूंचं म्हणणं, गाणं गाणं म्हणतात ते त्या दोन सेकंदांत आहे, त्या शांततेत. काकांचं म्हणणं, त्या शांततेत खाली, अगदी तळाशी, एक धप्प आहे. मऊ, एकदाच. काकूंनी ते गाणं टेपवर ऐकलं, रेडिओवर ऐकलं, पाहुण्यांच्या गाडीत ऐकलं, फोनवर ऐकलं. डोळे मिटून ऐकायच्या आणि निकाल द्यायच्या की काही नाही. काका म्हणायचे आहे. काकू म्हणायच्या, तुमच्या कानात मशिनं घुसलीयेत, ती बाहेर काढा. मग दोघं चहा प्यायचे. असं चाललेलं अठ्ठावीस वर्षं, अगदी सुखात.

यंदा मात्र गंमत जरा फिसकटली. एका घरी काकांनी स्क्रू ड्रायव्हर लावला, ऐकलं आणि सांगितलं की बेअरिंग गेलंय. मशीन अख्खं उघडलं. बेअरिंग ठणठणीत. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. काकांनी ते परत बसवलं, माफी मागितली, मजुरी घेतली नाही आणि घरी येऊन फक्त काकूंना सांगितलं. काकू प्रुफं वाचत होत्या. मान वर न करता, हसत हसतच म्हणाल्या, "नसलेलं ऐकू यायला लागलं म्हणजे. माझ्या गाण्यातल्या धप्पसारखं."

त्या विसरूनही गेल्या. काका नाही विसरले. त्यांच्या मनाने घेतलं की बायको बोलली ते खरं असेल तर? हातपाय थकले तर माणूस बसून काम करतो, डोळे गेले तर चाचपून करतो, पण यांचं सगळं दुकान दोन कानांत. तीन रात्री कूस बदलून काढल्या आणि चौथ्या सकाळी दाढी करताना आरशातल्या माणसाशी सौदा केला. ते धप्प गाण्यात असेल, तर बेअरिंगची एक चूक माफ. नसेल, तर हत्यारांची पिशवी माळ्यावर. आणि आहे की नाही हे आपण नाही ठरवायचं, कारण आपल्याला तर ते साध्या फोनवरही ऐकू येतं. ते काकूंच्या कानाला ऐकू आलं पाहिजे. त्यासाठी पाहिजे तळापर्यंत उतरणारा हेडफोन.

तर शनिवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून काका हेडफोनच्या दुकानात.

तिथला विक्रेता चाळिशीचा, टाय लावलेला, टायवर छोट्या छोट्या गिटारी. भिंतभर हेडफोन टांगलेले, काहींत दिवे लुकलुकतायत. काकांनी भरपूर बेसवाला दाखवा म्हटल्यावर टायवाल्याचे डोळे चमकले. छाती हलेल असा दाखवतो म्हणाला, आणि मग रीतसर विचारलं, "काका, ऐकता काय साधारण? कुठल्या प्रकारचं?"

"सध्या फ्रंट लोडच जास्त," काका म्हणाले.

टायवाल्याने मान डोलावली. नवीन काहीतरी निघालं असेल, असं त्याला वाटलं असणार.

पहिला हेडफोन लाल, दिवेवाला. काकांनी फोन जोडला आणि लावला नंबर पस्तीस. नंबर पस्तीस म्हणजे एका शिक्षिकेचं मशीन, बेअरिंग काकांनी स्वतः सहा महिन्यांपूर्वी घातलेलं, लोण्यासारखं फिरणारं. ते यात असं धाडधाड वाजायला लागलं की काका दचकले. मग लावला नंबर बारा, तोही धाडधाड. नंबर नव्वद, धाडधाड. दोनशे चौदाही मशिनं मरणाच्या दारात. माझी एक नणंद आहे, तिला साधी शिंक आली तरी ती आधी मृत्युपत्र काढते. तसा हा हेडफोन. काकांनी काढून ठेवला आणि टायवाल्याला समजावून सांगितलं की हा खोटं बोलतो. टायवाला म्हणाला, यात एक्स्ट्रा बेस आहे. काका म्हणाले, एक्स्ट्रा कशाला? आहे तेवढा दे की बाबा.

दुसरा पांढरा, नाजूक, दागिन्यासारखा मखमलीच्या डबीतला. त्यात लावला नंबर एकशे तीन. या मशिनच्या बेअरिंगचा अक्षरशः भुगा झाला होता, काकांनी तो कागदात बांधून मालकाला दिला होता आठवण म्हणून. तर तेही यात गुणगुणत होतं. काय तब्येत सुधारली तुमची, असं तापाने फणफणलेल्या माणसाला सांगणारे पाहुणे असतात ना, त्यांच्यातला हा. तोही परत डबीत.

तोवर मागे चार माणसं जमली होती. टायवाल्याने सहज तो लाल हेडफोन परत फोनला जोडला, ऐकलं, आणि त्याचा चेहराच उतरला. "काका, हे काय आहे?"

"एकशे तीन नंबर. स्पिनला."

तिसरा हेडफोन टायवाल्याने खालच्या कप्प्यातून काढला. काळा, ओबडधोबड, दिवे नाहीत, गाद्या मात्र उशीएवढ्या. कुणी घेत नाही म्हणाला, दिसायला बरा नाही ना. काकांनी घातला. नंबर एकशे तीन लावला आणि तळातून, पायऱ्या चढत यावा तसा तो आवाज आला, घशाशी जाणवला, गरगर गरगर, भुगा झालेल्या बेअरिंगचा एकेक कण मोजून घ्यावा असा. लगेच पस्तीस लावला. लोणी. परत एकशे तीन. भुगा. परत पस्तीस. काकांचे डोळे आपोआप मिटले, आणि हातांना सवयच ती, त्यांनी समोरच्या स्टँडला मिठी मारली. स्टँड डुलला, तीन हेडफोन खाली आले, ते टायवाल्याने वरच्यावर झेलले. काकांना पत्ताच नाही. ते आत कुठेतरी नव्वद नंबरच्या बेल्टबरोबर डोलत होते.

मग काय, दुकानात रांग. पिशवीवाल्या एका बाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, अय्या, आमचंही हल्ली असंच वाजतं. एका आजोबांनी दोनदा ऐकलं, त्यांना तो पाऊण मिनिटाचा बेल्ट गाणं म्हणूनच आवडला. तिघांनी काकांना घरी यायची वेळ विचारली. एरवी काका नाही म्हणत नाहीत कुणाला, डायरी खिशातच असते. त्या दिवशी हात खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. सोमवारी कळवतो, म्हणाले, आणि काळा हेडफोन बांधून घेतला.

घरी काकू टेबलाशी, पुढ्यात प्रुफांचा गठ्ठा. खोका बघून त्यांना सगळं कळलं. काकांनी तोंड उघडायच्या आधीच त्यांनी हरकत घेतली की असल्या हेडफोनांत काहीही लावा, धप्पच वाजतं, त्यासाठीच बनवतात ते, हा पुरावा चालणार नाही. काका तयारीनेच आले होते. आधी नंबर पस्तीस ऐक म्हणाले. काकूंनी ऐकला. गुणगुण आहे, धप्प नाही, हे त्यांना मान्य करावं लागलं. आणि आपल्या कानात आत्ता कुणाचे तरी टॉवेल धुतले जातायत हे कळल्यावर त्यांनी जो कटाक्ष टाकला तो काकांनी शांतपणे सोसला. मग गाणं लावलं.

पहिलं कडवं. काकूंची मान डोलतेय. दुसरं कडवं. काका समोर उभे, हातात फोन. कडवं संपलं. काकूंनी डोळे मिटले, लाल पेन वर धरलं, दोन सेकंद धरलं, आणि खाली ठेवलं.

"काही नाही," त्या म्हणाल्या.

दाराच्या खिळ्याला पिशवी लटकत होती, त्यातून लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ डोकावत होती. काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग माळ्याकडे पाहिलं. शिडी शेजाऱ्यांकडे आहे, हेही आठवलं. काही बोलायचं म्हणून त्यांनी काकूंकडे पाहिलं, आणि बघतच राहिले. काकूंकडे नाही हो, काकूंच्या कानशिलाकडे. चष्म्याची ती जाड काडी हेडफोनच्या गादीखालून गेली होती आणि तिथे गादी बोटभर उचलली गेली होती. फट. मशिनच्या दाराच्या रबरात मोजा अडकला की अशीच फट पडते, आणि मग पाणी बाहेर. एकतीस वर्षांत असे मोजे काकांनी शेकड्याने उपसले होते. एक पाऊल पुढे झाले आणि त्यांनी बायकोचा चष्मा ओढून काढला.

"अहो, चष्म्याशिवाय मला ऐकू येत नाही."

"गळतंय तिथून," काका म्हणाले, "सगळा बेस गळतोय." आणि गाणं पहिल्यापासून लावून त्यांनी दोन्ही गाद्या दोन्ही हातांनी नीट दाबून धरल्या.

पहिल्या ओळीलाच काकूंनी टेबलाची कड पकडली. आपण आयुष्यभर ज्या घराच्या वरच्या मजल्यावर राहिलो त्याला खाली तळघर आहे, तिथेही माणसं आहेत आणि ती मजेत आहेत, असं अचानक कळावं, तसा त्यांचा चेहरा. पाय हलायला लागले. मुद्रितशोधक बाई, छपन्न वर्षांची, खुर्चीत बसल्या बसल्या खांदे उडवतेय. काका हे सगळं बघत होते आणि त्यांना हसू येत होतं, रडूही येत होतं, आणि दोन्ही हात तिच्या कानांवर अडकल्यामुळे नाकही पुसता येत नव्हतं. दुसरं कडवं संपलं. खांदे थांबले. काकूंची एक भुवई सावकाश वर गेली.

"परत लावा," त्या म्हणाल्या.

परत लावलं. भुवई परत वर. तिसऱ्यांदा त्यांनी फोन आपल्याच हातात घेतला आणि ते दोन सेकंद पाच वेळा ऐकले, प्रूफ वाचावं तसे, अक्षर अक्षर. मग हेडफोन गळ्यात उतरवला आणि निकाल जाहीर केला. ते वाद्य नाही. वाजवणाऱ्यांपैकी कुणाचा तरी पाय आपटलाय जमिनीवर. म्हणजे गाण्यातलं नव्हेच ते, चूक आहे ती, आणि त्या वेळी कुणी नीट तपासलं असतं तर राहिली नसती.

"काय आहे ते मी विचारलंय का?" काका म्हणाले. "आहे की नाही, एवढंच भांडण होतं."

काकूंनी चष्मा घातला, लाल पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

"आहे," त्या प्रुफाकडे बघत म्हणाल्या.

"काय म्हणालीस?"

"आहे म्हटलं ना. बहिरे झालात का?"

"नाही," काका खिशातून डायरी काढत म्हणाले, "तेच सांगतोय अठ्ठावीस वर्षं."